मागचा ब्लर मोठा हवा की शांत? पोर्ट्रेटच्या पार्श्वभूमीचा हिशेब

५० मिमी एफ/१.८ लेन्स हातात आली की पहिल्या आठवड्यात सगळे एकच करतात. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र, पूर्ण उघडायचं, घरातल्या कुणाला तरी बागेत उभं करायचं आणि मागची झाडं विरघळलेली बघून खूश व्हायचं. काही दिवसांनी त्याच लेन्सने, त्याच ॲपर्चरला काढलेल्या एखाद्या फोटोत मात्र नजर चेहऱ्यावर टिकत नाही. मागे साबणाच्या फेसासारखी वर्तुळं उठलेली असतात, वाळक्या काड्या दुहेरी दिसतात, कानाला चिकटून एक पांढरा ठिपका चमकत असतो. ब्लर तर भरपूर आहे, मग खटकतं काय?

ब्लर किती आहे आणि तो शांत आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर बहुतांशी अंकगणितात मिळतं. दुसऱ्याचं उत्तर थोडं लेन्सच्या काचेत आणि बरंचसं तुम्ही माणसाच्या मागे काय ठेवता त्यात असतं. लोक लेन्सवर हजारो रुपये घालतात आणि जागा बदलायला दोन पावलं टाकत नाहीत, म्हणून सुरुवात अंकगणितापासून करू.

आधी छिद्राचं माप

फोकल लेंथला (लेन्सवरचा मिमीचा आकडा) एफ-नंबरने (‘एफ/’ नंतरचा आकडा) भागलं की लेन्सच्या छिद्राचा व्यास मिळतो. ५० मिमी एफ/१.८ म्हणजे साधारण २८ मिमी. ८५ मिमी एफ/१.८ म्हणजे ४७. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ची किट लेन्स ५५ला एफ/५.६ वर जेमतेम १० मिमी. आणि ५५-२५० सारखी स्वस्त टेलि झूम (लांबचं मोठं करून दाखवणारी लेन्स) २५०ला, त्याच एफ/५.६ वर, चक्क ४५ मिमी.

हा आकडा कामाचा का? मागे खूप लांब एक बारीक दिवा असेल तर फोटोत त्याचं वर्तुळ चेहऱ्याच्या मापाने या छिद्राएवढं दिसतं. चेहरा १५ सेंमी रुंद धरला तर ५० एफ/१.८चं वर्तुळ चेहऱ्याच्या पाचव्या हिश्शाएवढं, किट लेन्सचं एखाद्या शर्टाच्या बटणाएवढं. सेन्सर लहान की मोठा याने हे माप बदलत नाही. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र तीन-चार मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हणून त्याला ब्लर सॉफ्टवेअरने रंगवावा लागतो.

आता दुसरा हिशेब, जो जास्त महत्त्वाचा आहे. माणसापासून पार्श्वभूमीपर्यंतचं अंतर घ्या, त्याला कॅमेऱ्यापासून माणसापर्यंतच्या अंतराने भागा आणि छिद्राच्या व्यासाने गुणा. जे उत्तर येईल, त्याहून लहान गोष्टी मागे विरघळतात. त्याहून मोठ्या गोष्टी आकार टिकवून राहतात, फक्त कडा धूसर होतात.

उदाहरण करून बघू. ५० एफ/१.८ लेन्स, माणूस दीड मीटरवर, मागची झाडी माणसापासून साडेचार मीटरवर. साडेचारला दीडने भागलं की ३, गुणिले २८, म्हणजे ८४ मिमी. तिथलं गवत, खडी, लहान पानं एकमेकांत मिसळून जातील. पण झाडाच्या फांद्यांमधली हातभर फट किंवा दुकानाच्या पाटीवरची वीतभर अक्षरं मिसळणार नाहीत. ती अक्षरं अर्धवट वाचता येतील, आणि अर्धवट वाचता येणाऱ्या अक्षरांएवढी खोडी दुसरं काहीही करत नाही, कारण मेंदू ती पूर्ण वाचायच्या मागे लागतो.

आता पूर्ण उंचीचा फोटो घ्यायला म्हणून माणसापासून चार मीटरवर मागे सरका. माणूस आणि झाडी जागेवरच. उत्तर ८४ वरून ३१ मिमीवर येतं. लेन्स तीच, ॲपर्चर तेच, आणि मागची मोठी पानं ओळखू येऊ लागली. ‘हाफ फोटोत ब्लर मस्त येतो, फुल फोटोत येत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी माणसाला झाडीपासून बारा मीटर पुढे आणावं, ८४ पुन्हा मिळतात.

टेलि झूमची गंमत

२५० मिमी एफ/५.६चं छिद्र ४५ मिमी, म्हणजे ५० एफ/१.८पेक्षा मोठं. मग ती सरस का नाही? माणूस फ्रेममध्ये तेवढाच ठेवायचा तर २५०ला माणसापासून साडेसात मीटरवर जावं लागतं. झाडी तशीच साडेचार मीटर मागे. हिशेब येतो २७ मिमी. म्हणजे जिथे ५०ची लेन्स ८ सेंमीपर्यंतचं सगळं विरघळवत होती, तिथे टेलि जेमतेम अडीच-तीन सेंमीचं विरघळवते. माणसाचा आकार फ्रेममध्ये सारखा ठेवला की विरघळणं फक्त एफ-नंबर आणि मागच्या अंतरावर ठरतं, फोकल लेंथ त्यातून निघून जाते.

टेलि करते ते वेगळंच काम: पार्श्वभूमीचा लहानसा तुकडा उचलून मोठा करते. म्हणून वर्तुळं मोठी दिसतात, पण झाडी जवळ असेल तर गोंधळही तेवढाच मोठा होतो. वरच्या दोन लेन्समध्ये, मागे साधारण ८ मीटरपेक्षा जास्त मोकळी जागा असेल तर वर्तुळाच्या मापात २५० जिंकते. त्याहून कमी असेल तर ५०.

यातून निघणारा व्यवहार असा. मागे लांबवर मोकळं असेल, मैदान, तलाव, दरी, तर टेलि काढा आणि त्या विस्तारातला एखादा शांत, एकरंगी तुकडा डोक्यामागे आणून बसवा. जागा अरुंद असेल, सोसायटीचं आवार किंवा घराची ओटी, तर उघड्या ॲपर्चरची ५० किंवा ३५ घ्या आणि माणसाच्या जवळ जा.

जागा कशी बघायची

माणसाला उभं करण्याआधी पार्श्वभूमी एकटी बघा. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका, फोकस रिंग जवळच्या टोकापर्यंत फिरवा आणि कॅमेरा हळूहळू चहूकडे फिरवत राहा. रंगांचे आणि उजेडाचे ठोकळे तेवढे उरतात. त्यात जे सगळ्यात आधी डोळ्यात भरेल तेच फोटोतही भरणार आहे. डीएसएलआर असेल तर हे लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघत करा. नेहमीच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरचा पडदा साधारण एफ/२.८ एवढीच धूसरता दाखवतो, त्यामुळे एफ/१.८ला नक्की काय होणार ते त्यात कळत नाही.

सगळ्यात फसवी पार्श्वभूमी म्हणजे झाडाची पानं आणि त्यांच्या फटींतून दिसणारं पांढरं आकाश. डोळ्याला ती सुंदर, हिरवीगार वाटते. लेन्सला मात्र ती शेकडो बारीक दिव्यांची गर्दी वाटते. प्रत्येक फट एक वर्तुळ बनते, वर्तुळं एकमेकांवर अर्धी चढतात आणि प्रत्येकाची कड वेगळी दिसते. आंबा किंवा वडासारख्या मोठ्या पानांच्या झाडाखाली दुपारी हे हमखास होतं. उपाय साधा आहे: कॅमेरा थोडा वर घ्या आणि किंचित खाली रोखा, म्हणजे डोक्यामागे आकाशाऐवजी जमीन किंवा झुडपांचा सावलीतला भाग येतो. तसं जमत नसेल तर त्याच झाडाच्या खोडाकडे पाठ करून उलट दिशेला बघा. तीच फट असलेली झाडी पन्नास-साठ मीटर लांब असेल तर गोष्ट बदलते. फटी विरघळून जातात किंवा मोजकी, सुटी वर्तुळं उरतात. सूर्य कलताना, मागून उजेड येत असताना ती फार छान दिसतात.

सह्याद्रीच्या पठारांवर हिवाळ्यानंतर वाळलेलं गवत उभं असतं. प्रत्येक काडी उन्हात चमकते आणि सरळ असते. ब्लरमध्ये बारीक चमकती रेघ अनेक लेन्समध्ये दोन समांतर रेघा होऊन येते. असं हजार काड्यांचं झालं की फोटो बघताना डोळे थकतात. तारेचं कुंपण, बांबूचं बेट, पर्णहीन फांद्या, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा या सगळ्यांची जात तीच. याउलट किल्ल्याची काळ्या दगडाची भिंत, पावसाळ्यातला ओला डोंगरउतार, जुन्या वाड्याचा अंधारा बोळ, नदीचं सावलीतलं पाणी: मागे हे असेल तर साध्या किट लेन्सचाही फोटो महागड्या लेन्सचा वाटतो. कारण तिथे गडद आणि उजळ यांच्यात फरकच कमी असतो. विरघळवायला काही नसलं की ब्लर आपोआप शांत दिसतो.

लग्नाच्या हॉलबद्दल एक सांगून टाकतो. स्टेजच्या मागची फुलांची भिंत किंवा टिकल्यांचा पडदा नवरा-नवरीपासून हातभर अंतरावर असतो. तिथे कुठलीही लेन्स काही करू शकत नाही. अशा वेळी ब्लरचा नाद सोडा, एफ/४ला ती भिंत स्वच्छ दिसू द्या. पोर्ट्रेट हवं असेल तर जोडप्याला हॉलच्या मध्यावर आणा आणि स्टेजचे दिवे वीस मीटर मागे राहू द्या.

एवढं झाल्यावर शेवटची तपासणी चेहऱ्याच्या कडेची. डोकं, कान आणि खांदे यांच्या रेषेला चिकटून एखादा उजळ ठिपका, लाल रंगाची वस्तू किंवा गडद-उजळ यांची सीमा येते का ते बघा. डोक्यातून खांब उगवलेला फोटो सगळे ओळखतात, पण कानामागे अर्धं झाकलेलं वर्तुळ लक्षात येत नाही आणि नजर मात्र तिकडेच ओढतं. कॅमेरा चार बोटं डावी-उजवीकडे सरकवला तरी ते सुटतं.

लेन्सचा स्वभाव ओळखायची चाचणी

रात्री खोली अंधारी करा. मोबाइलचा टॉर्च चालू करून त्यावर ॲल्युमिनियम फॉइल लावा आणि टाचणीने भोक पाडा. हा झाला तुमचा बिंदू-दिवा. तो खोलीच्या टोकाला, चार-पाच मीटरवर ठेवा. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवून मॅन्युअल फोकस एक मीटरवर लावा. मग पूर्ण उघड्या ॲपर्चरपासून एफ/५.६पर्यंत एकेक फोटो घ्या. दिवा आधी फ्रेमच्या मध्यावर, मग कोपऱ्यात. एक्स्पोजर कमी ठेवा, वर्तुळ करडं दिसलं पाहिजे. पांढरंफटक झालं तर आतलं काही कळणार नाही.

आधी वर्तुळाची कड बघा. कड आतल्या भागापेक्षा उजळ असेल, बांगडीसारखी, तर ही लेन्स पार्श्वभूमीत दुहेरी रेघा आणि फेस काढणार. याचं कारण स्फेरिकल ॲबरेशनची दुरुस्ती. लेन्सच्या कडेने येणारे आणि मध्यातून येणारे किरण एकाच जागी आणण्यासाठी ही दुरुस्ती करतात. ती गरजेपेक्षा जास्त झाली की फोकसच्या मागच्या वर्तुळांना कडक कड येते. कमी राहिली की कड विरत जाते आणि मागचा ब्लर मऊ होतो, पण मग फोकसच्या पुढच्या वस्तूंचा ब्लर कडक होतो. एका बाजूला मिळवलं की दुसऱ्या बाजूला गमवावं लागतं. म्हणून फोकस लांब लावून दिवा जवळ ठेवून हाच प्रयोग उलटाही करा. पुढे पानं-फुलं धरून फोटो काढायची सवय असेल तर हे कळणं गरजेचं आहे. निकॉनच्या १०५ मिमी आणि १३५ मिमी एफ/२ डीसी लेन्समध्ये तर हा तोल पुढे किंवा मागे ढकलायला वेगळी रिंगच दिलेली होती.

वर्तुळाच्या आत कांद्याच्या चकतीसारखी वलयं दिसली तर लेन्समध्ये साच्यात घडवलेली ॲस्फेरिकल (पृष्ठभाग गोलाचा तुकडा नसलेली) काच आहे. साचा कोरताना राहिलेल्या सूक्ष्म रेषा काचेवर उमटतात. हिरवळीत हे कधी दिसत नाही, दिव्यांच्या माळांत लगेच दिसतं. ठिपके किंवा केसासारख्या रेघा असतील तर ती धूळ. मागची काच हलक्या हाताने पुसून पुन्हा बघा. वर्तुळाच्या कडेला हिरवी छटा येत असेल तर ते अक्षावरचं रंगदोष प्रकरण आहे, म्हणजे वेगवेगळे रंग वेगवेगळ्या अंतरावर फोकस होतात: फोकसच्या मागे हिरवट, पुढे जांभळट. स्वस्त आणि वेगवान लेन्समध्ये ते असतंच. ॲपर्चर एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) बंद केल्यावर बरंच कमी होतं.

कोपऱ्यातलं वर्तुळ मांजराच्या डोळ्यासारखं चपटं दिसेल. तिरक्या आलेल्या उजेडाचा काही भाग लेन्सची नळी अडवते, म्हणून असं होतं. हे चपटे आकार मध्याभोवती गोल फिरल्यासारखे मांडले जातात. त्यातूनच जुन्या सोव्हिएत हेलिओस ४४-२ (५८ मिमी एफ/२) लेन्सचा प्रसिद्ध भोवरा तयार होतो. ती रचना झाइसच्या बायोटारवरून घेतलेली आहे. १८४०च्या पेट्झवाल लेन्सचाही भोवरा ओळखीचा आहे, तिथे फोकसच्या प्रतलाची वक्रताही त्यात भर घालते. हौस म्हणून हा परिणाम एकदा मजेचा वाटतो. कुणाच्या साखरपुड्याचा सगळा अल्बम त्यात काढू नये, एवढंच माझं म्हणणं.

आणि मिरर लेन्स असेल, ५०० मिमी एफ/८ सारखी, तर वर्तुळाऐवजी मेदूवडा दिसेल. मधला आरसा उजेड अडवतो, त्याला इलाज नाही.

मग ॲपर्चर कोणतं?

वरच्या चाचणीचे फोटो शेजारी शेजारी ठेवले की उत्तर समोर येतं. पूर्ण उघडं असताना मध्यावर गोल, कोपऱ्यात चपटं. एक स्टॉप बंद केलं की कोपरे गोल व्हायला लागतात आणि कडेची बांगडीही अनेक लेन्समध्ये फिकी पडते. आणखी बंद केलं की ब्लेड, म्हणजे छिद्र लहान करणारी पाती, दिसू लागतात. कॅननच्या जुन्या ५० मिमी एफ/१.८ II मध्ये पाच सरळ ब्लेड होती, एफ/२.८ला दिवे पंचकोनी व्हायचे. २०१५च्या एसटीएम आवृत्तीत सात गोलसर ब्लेड आली आणि तो प्रश्न बराच सुटला. ५० एफ/१.८साठी एफ/२ ते एफ/२.५ ही जागा मला सगळ्यात भरवशाची वाटते. डोळा धारदार येतो, ब्लर फारसा कमी होत नाही, कोपरे सुधारतात. पंचकोनाचा कुणाला राग नसतो म्हणा, पण डोक्याभोवती वीस पंचकोन आले की ते मोजायचा मोह होतो.

मिररलेस कॅमेऱ्यात एक खास गफलत होते. इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन शटर (फोटोची सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट खऱ्या पडद्याने) चालू असेल, ॲपर्चर पूर्ण उघडं असेल आणि शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान असेल, तर वर्तुळं एका बाजूने कापल्यासारखी येतात. लेन्सला दोष देण्याआधी मेनूत जाऊन पूर्ण मेकॅनिकल शटर निवडून बघा.

कड पूर्ण विरलेली हवी असेल तर त्यासाठी खास लेन्स आहेत. त्यांच्या आत कडेकडे काळसर होत जाणारा फिल्टर असतो. मिनोल्टाची, नंतर सोनीने चालू ठेवलेली १३५ मिमी एसटीएफ, फुजीफिल्मची २०१४ची ५६ मिमी एफ/१.२ एपीडी, सोनीची २०१७ची १०० मिमी एसटीएफ. ब्लर लोण्यासारखा, पण फिल्टर उजेड खातो: सोनीची १०० मिमी नावाला एफ/२.८, उजेड मात्र एफ/५.६ एवढाच आत येतो. संध्याकाळी काम करणाऱ्याला ते परवडत नाही.

दिवाळीच्या माळा

आपल्याकडे दिव्यांची वर्तुळं काढायचा खरा हंगाम दिवाळीचा, आणि इथे वरचा हिशेब थेट वापरता येतो. माळेतल्या दोन दिव्यांत साधारण १० सेंमी अंतर असतं. हिशेबाचं उत्तर १०० मिमीपेक्षा कमी आलं तर वर्तुळं सुटी दिसतात, बरोबर आलं तर एकमेकांना टेकतात, जास्त आलं तर एकमेकांवर चढून उजेडाचा पट्टा होतो. ५० एफ/१.८, माणूस दीड मीटरवर, तर माळ माणसापासून तीन-चार मीटर मागे टांगा. वर्तुळं सुटी आणि मोठी मिळतात. बाल्कनीच्या कठड्याला माळ आणि त्यालाच टेकून माणूस, अशा फोटोत दिवे नुसते जाडसर ठिपके होतात.

एक्स्पोजर एका स्टॉपने कमी ठेवा. दिवा पांढरा झाला की वर्तुळाचा रंग जातो, पिवळी-केशरी माळ आणि पणतीची ज्योत दोन्ही सारखीच पांढरी दिसतात. एलईडी माळा विजेबरोबर लुकलुकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० ठेवलं तर सगळे दिवे सारखे उजळतात. १/५००ला अर्धी माळ विझलेली येऊ शकते. चेहऱ्याला पणत्यांचा उजेड पुरत नसेल तर आकाशकंदील माणसाच्या पुढे, जरा वर धरायला सांगा. फ्लॅश मारला की मागच्या माळांचा आणि चेहऱ्याचा रंग एकमेकांशी जुळत नाही.

मोबाइलवाल्यांसाठी

२०१६मध्ये आयफोन ७ प्लसवर पोर्ट्रेट मोड आला आणि खोटा ब्लर सगळ्यांच्या हातात गेला. तो खटकतो तो दोन ठिकाणी. एक, केसांच्या, चष्म्याच्या आणि ओढणीच्या कडांवर, जिथे सॉफ्टवेअरला आत-बाहेर ठरवता येत नाही. दोन, अंतराच्या बाबतीत: खऱ्या लेन्समध्ये जमीन पायापासून मागे हळूहळू धूसर होत जाते, खोट्या ब्लरमध्ये बऱ्याचदा एकदम. उपायही त्यावरूनच ठरतो. मोकळे केस असलेल्या माणसाच्या मागे पानं नकोत, साधी गडद भिंत असू द्या. चूक झाली तरी ती दिसत नाही. फोटो काढल्यावर ब्लरची पट्टी मधोमध असेल तिथून निम्म्यावर आणा. फोनमध्ये वेगळी टेलि लेन्स असेल तर पोर्ट्रेट मोड बंद करून तिने जवळून एक फोटो घ्या. ब्लर कमी येईल, पण खरा येईल.

एडिटिंगमध्ये आणखी ब्लर चढवू नका, मग तो कॅमेऱ्याचा फोटो असो की मोबाइलचा. मागच्या भागाला मास्क लावून हायलाइट आणि क्लॅरिटी थोडी खाली ओढा आणि कानाजवळचा तो एक उजळ ठिपका सुटलाच असेल तर तेवढाच ब्रशने गडद करा.